फाटकाबाहेरचा रस्ता कोणाचा? हिंजवडी, चाकण आणि जिल्ह्याच्या विकासाचं गणित

पुण्याशेजारच्या आयटी पट्ट्यात, हिंजवडीत, पाणी तुंबलं की दर पावसाळ्यात एकच तक्रार होते: यंत्रणांमध्ये समन्वय नाही. तक्रार खरी आहे, पण तिच्यावर उतारा म्हणून दर वेळी आणखी एक बैठक लावली जाते आणि तिथे माझा आक्षेप आहे. बैठका आजही कमी नाहीत. ज्याच्याकडे परवानगीचा अधिकार आहे त्याच्या अंगावर खर्च पडत नाही, ज्याच्या अंगावर खर्च पडतो त्याच्याकडे कर येत नाही आणि ज्याच्याकडे कर येतो त्याला नियोजनात विचारत नाहीत. अशा रचनेत कितीही चांगले अधिकारी बसवले तरी पाणी तुंबणारच.

हिंजवडीतलाच एखादा ओढा घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे ओढे-नाल्यांची जमीन सरकारची, म्हणजे व्यवहारात महसूल खात्याची. अतिक्रमणाची दखल तहसीलदारानं घ्यायची. ओढा राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या हद्दीतून वाहतो तिथे एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. प्लॉट, रस्ते, पावसाळी गटारं, बांधकाम परवाने सगळं त्यांच्याकडे. हद्दीबाहेर पडला की बांधकाम परवानगी पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची). तिथे उभ्या राहिलेल्या इमारतींची घरपट्टी हिंजवडी, माण किंवा मारुंजी ग्रामपंचायतीची आणि कचराही त्यांनीच उचलायचा. रस्ता ओढा ओलांडतो त्या मोरीचा व्यास कोण ठरवणार, हे त्या रस्त्याच्या वर्गावर अवलंबून: ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषद, प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. वर मेट्रोची तिसरी मार्गिका आहे, माण ते शिवाजीनगर, सुमारे 23 किलोमीटर. ती पीएमआरडीएची. खाली कोंडी झाली तर वाहतूक पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे. बस पीएमपीएमएलची, आणि तिची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका 60:40 अशी भरतात. हिंजवडी यांपैकी एकाही महापालिकेत नाही.

या साखळीत कामचुकार कोणीच नसला तरी गोंधळ होतो. वरच्या बाजूला परवानगी देणारा खालची मोरी किती पाणी घेते हे तपासत नाही, कारण मोरी त्याच्या नकाशात नाही. मोरी बांधणारा पंधरा वर्षांपूर्वीच्या पाणलोटाचा हिशेब धरतो, कारण वर किती काँक्रीट ओतलं गेलं याची नोंद त्याच्याकडे येत नाही.

या रचनेचं मूळ जुनं आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर 1961 चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा आला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याच 1961 साली औद्योगिक विकासाचा कायदा झाला आणि 1 ऑगस्ट 1962 रोजी एमआयडीसी स्थापन झाली. तीन महिन्यांच्या अंतरानं जन्मलेल्या या दोन संस्थांना एकमेकींना विचारूनच पाऊल टाका असं कोणत्याही कायद्यानं सांगितलं नाही. शेती, शाळा, आरोग्य, गावरस्ते जिल्हा परिषदेकडे गेले. उद्योग थेट राज्याकडे राहिला. जिल्हाधिकारी जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवले गेले. जिल्हा परिषद सक्षम व्हावी म्हणून तो निर्णय योग्यच होता, पण त्यामुळे एकाच जिल्ह्यात दोन वेगळी सत्ताकेंद्रं तयार झाली.

औद्योगिक धोरणात गावाला किंवा तालुक्याला जागाच नाही, हे उद्योगांना सवलती देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत स्पष्ट दिसतं. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट राज्य ठरवतं, कंपनीला किती सवलत मिळणार हे उद्योग संचालनालय ठरवतं आणि सवलतीचा मोठा भाग राज्याच्या जीएसटीच्या परताव्यातून दिला जातो. कारखाना कुठल्या तालुक्यात यावा यावर राज्य पैसा खर्च करतं. तो आल्यावर रोज किती कंटेनर, किती कामगार आणि किती सांडपाणी येणार, हा हिशेब पंचायत समितीच्या टेबलावर कधी ठेवला जात नाही. त्या तालुक्यात कामगारांच्या खोल्या कुठे उभ्या राहतील, याचं उत्तर बाजार देतो: शेतात, बिनशेती परवानगीशिवाय, गुंठ्यागुंठ्यानं.

आता शेजारशेजारचीच दोन उदाहरणं ताडून पाहा. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका. एमआयडीसीचा पट्टा नगरपालिकेच्या हद्दीत आला आणि जकातही तिलाच मिळू लागली. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक ट्रकमागे पालिकेच्या तिजोरीत पैसे पडत. त्यामुळे कारखान्यापर्यंतचा रस्ता चांगला ठेवणं हा पालिकेच्या स्वतःच्या कमाईचा प्रश्न होता. तिथले रुंद रस्ते कुणाच्या दूरदृष्टीमुळे झाले हा वाद घालणाऱ्यांनी घालावा. माझ्या मते त्यात या हिशेबाचा वाटा फार मोठा आहे.

चाकणला तसं झालं नाही. एमआयडीसीचे टप्पे खेड तालुक्यातल्या निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी अशा ग्रामपंचायतींच्या हद्दीत पसरले. चाकण गावाची नगरपरिषद व्हायला 2015 उजाडलं आणि तिच्या हद्दीबाहेरचे कारखाने बाहेरच राहिले. पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर हे दोन्ही रस्ते राष्ट्रीय महामार्ग. म्हणजे देशातल्या मोठ्या वाहन उद्योगांपैकी एक जिथे आहे, तिथल्या मुख्य चौकातली कोंडी सोडवण्याचा अधिकार चाकणच्या एकाही निवडून आलेल्या संस्थेकडे नाही.

ग्रामपंचायतींना काहीच मिळत नाही असं मात्र नाही, आणि इथे बरेच जण चुकतात. ग्रामपंचायत कारखान्याच्या इमारतीवर कर लावू शकते. 2015 च्या अखेरच्या सुधारणेपासून तो भांडवली मूल्यावर आकारला जातो. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 125 खाली कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक अंशदान घेण्याचीही सोय आहे. शिवाय जमीन-सदनिकांच्या दस्तांवर मुद्रांक शुल्काबरोबर घेतला जाणारा 1 टक्का अधिभार ग्रामीण संस्थांकडे जातो. म्हणूनच औद्योगिक पट्ट्यातल्या काही ग्रामपंचायतींचं उत्पन्न लहान नगरपरिषदांना मागे टाकतं.

पण या उत्पन्नाचा कल कुठे आहे ते बघा. अधिभार दस्त नोंदणीवर मिळतो, कारखान्याच्या उत्पादनावर मिळत नाही. बारा मजली इमारतीतल्या प्रत्येक सदनिकेच्या नोंदणीतून पैसे येतात. शंभर कामगारांना काम देणाऱ्या शेडमधून वर्षाला एकदा कर येतो, तोही थकबाकीच्या वादासह. ज्या संस्थेचं उत्पन्न सदनिकांवर वाढतं, तिला सदनिकाच हव्याशा वाटणार. सरपंचाला नावं ठेवून हे बदलत नाही.

महापालिकांचंही 2017 नंतर असंच झालं. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला आणि जीएसटीच्या बदल्यात राज्यानं नुकसानभरपाई द्यायला सुरुवात केली: 2016-17 हे आधारवर्ष, दरवर्षी 8 टक्के वाढ. ही रक्कम दरमहा येते, त्यामुळे पगार थांबत नाहीत. ती उपयोगाची आहेच. मात्र शहरात दहा कारखाने नवे आले काय आणि दहा बंद पडले काय, हप्ता तोच. उद्योग वाढला तर पालिकेला थेट लाभ आणि पडला तर थेट चटका, हे नातं त्या दिवशी तुटलं. स्थानिक संस्था आर्थिक विकासात रस का घेत नाहीत असं विचारणाऱ्यांनी या तुटलेल्या नात्यापासून सुरुवात करावी. आता पालिकेचं लक्ष मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीच्या शुल्कावर असतं, कारण हलवता येण्यासारखे तेच दोन आकडे उरले.

परवानगी शुल्कावरून आठवलं: 2021 मध्ये पुणे महापालिकेत 23 गावं आली, तेव्हा त्या गावांसाठी नियोजन प्राधिकरण पीएमआरडीएच ठेवलं गेलं. बांधकामाचा परवाना आणि विकास शुल्क एकीकडे. पाणी, कचरा, रस्ते आणि नागरिकांच्या शिव्या दुसरीकडे. याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

कायद्यानं या सगळ्यांना एकत्र बसायला एक टेबल दिलं आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती आणली, राज्यानं त्यासाठी 1998 मध्ये कायदा केला. ग्रामपंचायती आणि शहरांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा विकास आराखडा करणं हे तिचं काम. चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरसंस्थांमधून निवडून यायचे, ग्रामीण-शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. लोक अजून तिला जुन्या नावानं "डीपीडीसी" म्हणतात आणि त्या बैठकीत प्रत्यक्षात जे होतं ते जुन्या नावालाच शोभणारं आहे: निधीचं वाटप.

वर्षाचं चक्र असं चालतं. शासन सूत्राप्रमाणे जिल्ह्याला कमाल मर्यादा कळवतं. कार्यान्वयन यंत्रणा, म्हणजे जिल्हा परिषदेचे विभाग, बांधकाम, वन, कृषी, नगरपालिका वगैरे, आपापल्या योजनांची मागणी देतात. लहान गट ती तपासतो, मग समितीची बैठक, मग जानेवारी-फेब्रुवारीत वित्तमंत्र्यांकडे राज्यस्तरीय बैठक. तिथे वाढीव मागणीपैकी काही पदरात पडतं. मार्चच्या अर्थसंकल्पात आकडा येतो आणि निधी बीडीएस या निधी वितरणाच्या संगणकीय प्रणालीवर टप्प्याटप्प्यानं सुटतो. सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी अशा तीन योजना वेगवेगळ्या चालतात.

पैसा लेखाशीर्षांत, म्हणजे अर्थसंकल्पातल्या क्रमांक दिलेल्या खात्यांत, विभागलेला असतो, आणि खरी चर्चा त्याच भाषेत होते. "तीस चौपन्न"मध्ये ग्रामीण मार्ग, "पन्नास चौपन्न"मध्ये जिल्हा मार्ग, जनसुविधा, नागरी सुविधा. बैठकीत आमदार विचारतात: माझ्या तालुक्याला तीस चौपन्नमध्ये किती? प्रश्न रास्त आहे, पण या पद्धतीनं निधी गावोगाव 10-15 लाखांच्या तुकड्यांत फुटतो. औद्योगिक पट्ट्याला लागणारा चार किलोमीटरचा, जड वाहनं पेलणारा काँक्रीट रस्ता एका तुकड्यात बसत नाही. दोन वर्षांत अर्धा-अर्धा करावा तर पहिला अर्धा दुसरा होईपर्यंत खचलेला असतो. म्हणून तो प्रस्ताव मागे पडतो आणि त्याच पैशात तीस गावांत सिमेंटचे तुकडे होतात.

त्यात वेळेची अडचण. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, या क्रमात सहज पाच-सहा महिने जातात. मध्ये एखादी आचारसंहिता लागली की आणखी दीड-दोन. राज्य यंत्रणांचा अखर्चित निधी 31 मार्चला परत जातो. जिल्हा परिषदेला मात्र तो पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत खर्चता येतो. हा फरक लहान वाटतो, पण लांब चालणारं काम कोणत्या यंत्रणेकडे द्यायचं ते ठरवताना तोच निर्णायक असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होणाऱ्या घाईच्या खरेदीचं कारणही इथेच आहे.

महानगराचं टेबल वेगळं. पुण्यासाठी महानगर नियोजन समिती आहे, तिचे दोन तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांतून येतात. पीएमआरडीएनं विकास योजनेचा मसुदा ऑगस्ट 2021 मध्ये प्रसिद्ध केला, हजारो हरकती आल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2025 मध्ये सरकारनं तो मसुदाच रद्द केला. एवढी वर्षं कोणत्या जमिनीवर रस्ता येणार आणि कुठे उद्योग, हे नक्की नव्हतं. बांधकामं मात्र थांबली नव्हती.

आणि मार्च 2022 नंतर तर ही टेबलं रिकामीच झाली. बहुतेक जिल्हा परिषदा आणि मुंबई, पुणे, नागपूरसारख्या महापालिकांवर प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये निवडणुका घ्यायला सांगितल्या, तोवर तीन वर्षं उलटली होती. ज्या नियोजन समितीत चार पंचमांश निवडून आलेले असायला हवेत, तिथे पालकमंत्री, नामनिर्देशित सदस्य आणि निमंत्रित आमदार-खासदार उरले. पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान निवडून आलेल्या संस्थेलाच मिळत असे, त्यामुळे जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा प्रत्येकी 10 टक्के वाटा अडकला. ग्रामपंचायतींना 80 टक्के मिळत राहिले, पण त्यातही 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले. रोजगार वाढवायला हातात उरलं ते फारच थोडं.

जुलै 2025 मध्ये हिंजवडीचा प्रश्न थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेला आणि समन्वयाची जबाबदारी पीएमआरडीएकडे सोपवली गेली. तत्कालीन पालकमंत्री अजित पवार पहाटे पाहणीला गेले. पुढे चाकण, हिंजवडी आणि मांजरी-फुरसुंगी-उरुळी देवाची अशा तीन नव्या महापालिकांची चर्चाही त्यांनीच सुरू केली. पाहणीनंतर कामं हलली हे मान्य. पण मंत्र्याच्या पाहणीनं हलणारं काम पाहणी थांबली की थांबतं, कारण समन्वयकाला ना कर वसूल करायचा अधिकार, ना दुसऱ्याच्या अंदाजपत्रकातला रुपया वळवायचा.

महापालिका हाही सरळ उपाय नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं हिंजवडीसह सात गावं घेण्याचा ठराव 2015 मध्ये केला होता, तो पडूनच राहिला. फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 मध्ये पुणे महापालिकेत गेली आणि वाढीव मालमत्ता कराच्या रागातून परत बाहेर पडली. कर आधी आणि पाणी नंतर असा क्रम ठेवला की हेच होणार.

मला तेलंगणाची पद्धत जास्त पटते. तिथे औद्योगिक वसाहतीसाठी स्थानिक प्राधिकरण असतं, ते मालमत्ता कर गोळा करतं, 35 टक्के स्थानिक संस्थेला देतं आणि 65 टक्के वसाहतीच्या देखभालीवर खर्च करतं. बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक्स सिटीला 2013 पासून स्वतंत्र औद्योगिक नगरीचा दर्जा आहे. आपल्याकडेही एमआयडीसीनं कर गोळा करून निम्मा ग्रामपंचायतीला द्यावा असा मार्ग आखला गेला, पण ग्रामपंचायतींना त्यात हातची वसुली जाते आणि निम्म्या वाट्याचा हप्ता वेळेवर येईल याची हमी दिसत नाही. त्यांची शंका गैर नाही. वाटा ठरलेल्या तारखेला आपोआप खात्यात जमा होईल आणि वसाहतीच्या देखभाल समितीत शेजारच्या सरपंचांना मत असेल, असं लिहून दिलं तर विरोध बराच मावळेल.

राज्यानं जिल्हा हाच आर्थिक वाढीचा घटक धरायला सुरुवात केली आहे. "मित्र" ही राज्याची धोरणं सुचवणारी संस्था त्यासाठीच आहे आणि जागतिक बँकेनं डिसेंबर 2024 मध्ये जिल्ह्यांची नियोजनक्षमता वाढवण्यासाठी सुमारे 18.8 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. दिशा बरोबर आहे. भीती एवढीच की सल्लागार कंपन्या 200 पानांचे आराखडे करतील आणि लेखाशीर्षं तशीच राहतील.

नव्यानं निवडून आलेल्या जिल्हा परिषद सदस्यांना आणि औद्योगिक पट्ट्यातल्या सरपंचांना यात आजही बरंच करता येतं. आधी रस्त्यांची मालकी कागदावर आणा. ग्रामपंचायतीच्या नमुना 23 मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, रस्त्याची नोंद आहे का, जिल्हा परिषदेच्या रस्ते यादीत त्याला क्रमांक आहे का, रुंदी किती लिहिली आहे, आणि शेवटचा तुकडा एमआयडीसीच्या हद्दीत नेमका कोणत्या गटापाशी सुरू होतो, हे एका नकाशावर मांडा. बहुतेक भांडणं त्या शेवटच्या दोनशे-तीनशे मीटरवर असतात: एमआयडीसी म्हणते आमची हद्द संपली, जिल्हा परिषद म्हणते रस्ता आमच्या यादीत नाही. यादीत नसलेल्या रस्त्याला कोणतंही लेखाशीर्ष पैसा देत नाही.

त्यानंतर दर्जोन्नतीचा, म्हणजे रस्त्याचा वर्ग वाढवण्याचा, प्रस्ताव. रोज शेकडो अवजड वाहनं जाणारा रस्ता ग्रामीण मार्ग म्हणून ठेवण्यात अर्थ नाही, कारण ग्रामीण मार्गाची जाडी आणि रुंदी बैलगाडी-ट्रॅक्टरच्या हिशेबानं धरलेली असते. वाहनगणना जोडा, जिल्हा परिषदेचा ठराव घ्या आणि तो बांधकाम विभागामार्फत शासनाकडे पाठवा. एमआयडीसीकडून त्याच रस्त्याच्या खर्चात वाटा मागायचा असेल तर जिल्हा उद्योग मित्र समितीत विषय लावून घ्या. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तेच नियोजन समितीचे सदस्य सचिव, आणि एमआयडीसी, महावितरण, उद्योग केंद्र, उद्योजक संघटना समोर असतात. तिथल्या इतिवृत्तात "एमआयडीसी इतके टक्के देईल" हे वाक्य आलं की जिल्हा नियोजनाच्या प्रस्तावाला ते जोडता येतं. तोंडी आश्वासनाला लेखाशीर्ष नसतं.

हे सगळं दिवाळीच्या आसपास यंत्रणेच्या हातात असलं पाहिजे. मागण्या तेव्हाच गोळा होतात; जानेवारीच्या बैठकीत हात वर करून मांडलेला विषय फार तर इतिवृत्तात राहतो, पुढच्या मार्चच्या आकड्यात येत नाही.